तो पक्षी तुमचा

दुकानात ती दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारत असे. "पहिलं बरं दिसतंय की दुसरं?" आतल्या अंधाऱ्या खोलीत, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर ती तपासणीची जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायची, काढून दुसरं घालायची आणि त्याच मऊ आवाजात पुन्हा विचारायची. माणसं गोंधळायची. काहींना वाटायचं ही परीक्षा आहे आणि आपण आता नापास होणार. मग ती सांगायची की यात चूक-बरोबर काही नसतं, तुम्हाला काय बरं वाटतं तेवढंच सांगा. चाळिशीचा चष्मा घ्यायला आलेले तर उगाच लाजायचे, जणू वय हा गुन्हा आहे. त्यांना ती स्वतःच्या गळ्यातला दोरीचा चष्मा दाखवायची. चाळिशी तिलाही लागली होती, दोन्ही अर्थांनी.

तिच्या मऊ आवाजाचं दुकानात कौतुक होतं. त्यामागे तिचा एक नेम होता, तो मात्र कुणाला ठाऊक नव्हता. सकाळी आंघोळ झाली की हात जोडून, डोळे मिटून ती देवाजवळ एवढंच मागायची, आज माझ्या तोंडून कुणाला उणा शब्द जाऊ नये. गेलाच, तर त्या दिवशी रात्रीचं जेवायचं नाही. लग्नाच्या आधीपासून ती हा नेम पाळत आली होती आणि उपाशी झोपायची वेळ फारशी कधी आली नव्हती. या गोष्टीचा तिला मनातल्या मनात जरासा तोराही होता. पण तोरा म्हणजे काही उणा शब्द नव्हे, तेव्हा त्याला शिक्षा नव्हती.

दुकानात न सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे, ती व्हिडिओ गेम खेळायची.

एकदा कॉलेजातला एक मुलगा डोळे चोळत आला होता. फार गेम खेळतो म्हणून घरच्यांनी पाठवलं होतं. त्याने कुठला गेम ते सांगितलं, तेव्हा तिने असलं काही जन्मात ऐकलं नसल्यासारखी मान हलवली. घरी येताना तिला स्वतःचंच हसू आलं, कारण तो गेम तिने चार दिवस खेळून सोडून दिला होता. त्यात सारखी मारामारी होती. तिला मारामारी आवडत नसे. शर्यत आवडत नसे, पडद्याच्या कोपऱ्यात धावणारे आकडे आवडत नसत, कुणी मागे लागलेलं तर मुळीच आवडत नसे. तिला आवडायचा तो एकच, समुद्रातल्या मोडक्या बेटांचा. प्रत्येक बेटावर एक विझलेलं दीपगृह, दोन प्रवासी, त्यांच्या कमरेला बांधलेला एकच दोर आणि हातात निखाऱ्यांचं भांडं. कडे चढत, पडक्या जिन्यांवरून वाट काढत तो विस्तव वर न्यायचा आणि दिवा पेटवायचा. दिवा पेटला की पुढचं बेट उजेडात येई. एवढंच. घाई नाही, गडबड नाही.

नवऱ्याला हे बघून जांभई यायची. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता. पहाटेची पाळी असल्यामुळे संध्याकाळी तास-दोन तास झोपायचा आणि जेवायला उठायचा. त्याची आवड आणखी निराळी. तो स्वतः कधी खेळायचा नाही, पण परके लोक खेळत असलेले सामने फोनवर बघायचा आणि जेवता जेवता त्यांना सल्ले द्यायचा. तुम्ही खेळत का नाही, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाला, खेळलो तर हरेन, बघितलं तर दुसराच हरतो.

तो झोपलेला असायचा म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून ती कानांवर हेडफोन चढवायची. दुकानातून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागायच्या आधीचा तेवढा वेळ तिचा होता. बाकीचा सगळा दिवस लोकांच्या डोळ्यांचा आणि घरच्यांच्या पोटाचा.

त्या वेळात सासरे येऊन बसू लागले ते सासूबाई गेल्यानंतर.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत, पण ते शाळेतले मास्तर नव्हते. उभी हयात त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवली. दोन-दोन ब्रेक असलेल्या त्या गाडीत शिकाऊ माणूस स्टिअरिंगच्या चाकाशी आणि मास्तर शेजारच्या सीटवर, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पायाची सवय गेली नव्हती. बसमध्ये असोत की रिक्षात, पुढे काही आडवं आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. सासूबाई असताना म्हणायच्या, यांच्या पायाखालची फरशी झिजेल एक दिवस.

पहिल्या संध्याकाळी ते दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मी बसू का इथे?" तिने लगेच सोफ्यावरचे कपडे उचलले. थोडा वेळ तसंच बसून राहिल्यावर तिलाच बरं वाटेना. पाहुण्यासमोर एकटीने खाल्ल्यासारखं वाटलं. म्हणून तिने दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि दुसरा प्रवासी तुमचा म्हणून सांगितलं.

मास्तरांचा प्रवासी कड्यावरून पडला. दोर एकच, म्हणून तिचाही पडला. विस्तव विझला, पुन्हा खालपासून सुरुवात. ते पुन्हा पडले. त्यांचे अंगठे जाड होते आणि हात किंचित कापायचे. ती हसून म्हणायची, असू दे बाबा, होतं असं. आठवडाभर ती असं म्हणत राहिली आणि आठवडाभर एकही दिवा लागला नाही. दुकानात दिवसभर लोकांशी धीराने वागून आलेल्या बाईचा धीर इथे संपायला लागला. तो एकच तास, आणि तोही खालपासून वर, वरून खाली.

मग तिला एक युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा ती चांगुलपणाचीच वाटली. त्या गेममध्ये एक पांढरा पक्षी होता. प्रवाशांबरोबर उडायचा, मध्येच खडकावर बसायचा, पुन्हा यायचा. तो कुणीच चालवत नसे. गेमच त्याला उडवायचा. तिने मास्तरांच्या कंट्रोलरचं बटण दाबून तो बंद केला, त्याचा बारीक दिवा विझल्याची खात्री केली आणि तसाच त्यांच्या हातात दिला. दुसरा प्रवासी आता माझी ताई तिच्या घरून चालवेल, तिला बिचारीला तिकडे एकटीला करमत नाही, असं सांगितलं.

"आणि तो पक्षी तुमचा, बाबा."

कसा उडवायचा, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की ही दांडी पुढे ढकलायची, पण तो लगेच ऐकत नाही, जरा स्वतःच्या मनाचा आहे. एवढं खोटं इतक्या सहज जमलं, याचं तिला तेव्हा नवलही वाटलं नाही. मास्तरांनी मान डोलावली, चष्मा नाकावर नीट केला आणि दांडी पुढे ढकलली. पक्षी खडकावरून उडाला. उडायचाच होता.

"गेला बघ वर," मास्तर म्हणाले.

"वा, बाबा!"

दुसरा एक जुना हेडफोन होता, तो तिने त्यांच्या कानांवर चढवून दिला, म्हणजे संगीतही ऐकता येईल. ताई आपल्या घरून गेममध्ये यायची, हेडफोनमधून तिच्या कानात बोलायची, आणि दोघी बहिणी दोर सांभाळत बेटांमागून बेटं पार करू लागल्या. दिवे लागू लागले. शेजारी मास्तर मन लावून बटणं दाबत. सगळ्यांची सोय झाली होती.

ताई तिच्याहून मोठी आणि घाईची. चढाव दिसला की उडी. तिला वाटेत थांबून समुद्र बघत बसणारी ही बहीण म्हणजे गळ्यात बांधलेला धोंडा वाटायची आणि ती तसं बोलूनही दाखवायची. एका संध्याकाळी एक अवघड कडा चढताना मास्तरांना खोकला आला. तो ताईला ऐकू गेला. कोण खोकतंय, असं तिने विचारलं. बाबा आहेत, आपल्याबरोबर खेळताहेत, असं हिने सांगितलं. ताईला कळेना. खेळात माणसं दोन, हा तिसरा कुठला?

"अगं, लिंबूटिंबू आहेत ते आमचे," ती हळूच म्हणाली. "रिमोट बंद आहे त्यांचा."

ताई खो-खो हसली. हिलाही हसू आलं. मास्तरांच्या कानांवर ते मोठे हेडफोन होते, नजर पडद्यावर होती. मग कशाला बसवतेस शेजारी, ताईने हसत हसतच विचारलं.

"कुठेतरी बसायलाच हवं ना त्यांना."

हे ती चिडून बोलली नाही. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि म्हणूनच बहुधा तिच्या ते ध्यानातही आलं नाही. कडा पार झाला, दिवा लागला. मास्तर म्हणाले, छान. त्या रात्री ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत. कंट्रोलर आणि हेडफोन टीव्हीखालच्या फळीवर नीट ठेवलेले होते. हेडफोन दुमडून त्याला रबर लावलं होतं. तिने हाक मारली तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. म्हणाले, आज डोळे चुरचुरताहेत, तू खेळ. तिसऱ्या दिवशीही डोळे चुरचुरत होते. चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही आणि न विचारल्याचं तिला बरंही वाटलं, कारण ताईशी मोकळेपणाने बोलता आलं. पण खेळात काही मजा येईना. पाठीमागे गॅलरीत खुर्ची करकरली की तिचं लक्ष तिकडे जायचं. कड्याच्या टोकाशी गेलं की शेजारून "सावकाश" यायचं, ते येत नव्हतं. आपण कुणी बघत असलं की बरं खेळतो, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. समुद्रही कुणाबरोबर बघायला आवडतो, नुसता नाही. ताईला तर त्यात काडीचा रस नव्हता.

रविवारी सकाळी फळी पुसताना तिने तो जुना हेडफोन हातात घेतला. सहज म्हणून बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. कानाला लावून बघितला, तर दगडासारखा गप्प. तिने तो चार्जिंगला लावला आणि मग तिच्या ध्यानात आलं की त्याला चार्जिंगला लावायचं काम आपण एकदाही केलेलं नाही. स्वतःचा रोज लावायची. त्यांचा एकदाही नाही.

ती तिथेच जमिनीवर बसली.

म्हणजे मास्तर पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी मुके हेडफोन कानांवर घालून, मेलेला कंट्रोलर हातात धरून, बिनआवाजाचा समुद्र बघत बसले होते. म्हणाले नाहीत, याला आवाज नाही गं. आणि आवाज नव्हता, म्हणजे खोलीतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. ताईचं नव्हे. ताई तिच्या कानात बोलायची. मास्तरांनी ऐकलं ते फक्त हिचं.

लिंबूटिंबू आहेत ते आमचे. रिमोट बंद आहे त्यांचा. कुठेतरी बसायलाच हवं ना त्यांना.

तीन वाक्यं, मध्ये ताईच्या प्रश्नांची जागा रिकामी. सलग ऐकली तर कशी वाटत असतील? तिने ती मनात सलग म्हणून बघितली आणि तिचे कान तापले. घरात कुणी बघत नव्हतं, तरी तिने पदर तोंडाशी नेला.

लिंबूटिंबू म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला कळत असणार? ती धाकटी. लपाछपीत ताई आणि तिच्या मैत्रिणी हिला नेहमी लिंबूटिंबू म्हणून घ्यायच्या. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. त्याने फक्त धावायचं आणि आपण खेळतोय असं समजायचं. एकदा ती पाण्याच्या टाकीमागे इतकी छान लपली होती की श्वाससुद्धा रोखून धरला होता. अंधार पडायला लागला तरी कुणी शोधायला आलं नाही. बाहेर येऊन बघते तर सगळ्या आपापल्या घरी गेलेल्या. शोधायला कुणी विसरलं नव्हतं. शोधायचंच नव्हतं. त्या दिवशी तिने ताईशी बोलणं टाकलं होतं. आणि आता तोच शब्द तिने त्याच ताईला हसवायला वापरला होता.

नेम मोडला होता. तेही मोडला त्या दिवशी नाही कळलं, आज कळलं. त्या रात्री तर ती पोटभर जेवली होती. मऊ बोललं म्हणजे उणं बोललं नाही, असा हिशेब तिने इतकी वर्षं देवासमोर मांडला होता की काय?

कबूल करायला तोंड उघडेना. चहा देताना उघडेना, जेवायला वाढताना उघडेना. मास्तर नेहमीसारखेच होते. भाजी छान झालीय म्हणाले. नवऱ्याने जेवताना फोनवरच्या सामन्यातल्या कुणाला तरी शिव्या घातल्या आणि विचारलं, बाबा, तुमचा तो पक्षी काय म्हणतोय? मास्तर म्हणाले, असेल तिकडेच. तिने पोळी वाढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

शेवटी तिने एक पळवाट काढली. डोळे चुरचुरताहेत तर दुकानात चला, मी तपासते, असं म्हणाली. मास्तर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि चल म्हणाले. बसमध्ये समोरून सायकल आडवी आली, तसा त्यांचा उजवा पाय दाबला गेला. तिने नजर खिडकीकडे वळवली.

अंधाऱ्या खोलीत तिने त्यांना खुर्चीत बसवलं, चौकट चढवली, समोरची अक्षरं उजळली. हात सवयीने चालत होते.

"पहिलं बरं दिसतंय की दुसरं?"

"दोन्ही सारखीच."

"आता? पहिलं की दुसरं?"

"सूनबाई," मास्तर म्हणाले, "डोळ्यांना काही झालेलं नाही, हे तुलाही माहीत आहे."

तिच्या हातात भिंग तसंच राहिलं. अंधार होता म्हणून बरं. तिने या अंधारात किती लोकांना सांगितलं असेल की यात लाजायचं काही नाही.

"तो हेडफोन बंद होता, बाबा," ती म्हणाली.

"हो. पहिल्यापासूनच."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तोही रिमोटसारखाच असेल. मुद्दाम."

तिने हातातलं भिंग पेटीत ठेवलं. मास्तर तिच्या मदतीला आले नाहीत. चौकटीतल्या गोल भिंगांतून समोरच्या अक्षरांकडे बघत ते हळूहळू बोलत राहिले. रिमोट मेलेला आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कडा कोसळला की तिचा कंट्रोलर हातात थरथरायचा, ते शेजारी बसूनही जाणवायचं. त्यांचा थरथरत नसे. शिवाय एकदा त्यांनी दांडीवरचा अंगठा काढून बघितला, पक्षी तरी उडतच होता. मग दाबत कशाला राहिलात, असं तिने पुटपुटत विचारलं. तेव्हा म्हणाले, तू दिलास हातात. परत केला असता तर तुला वाटलं असतं, म्हाताऱ्याला आवडलं नाही. तू किती हौसेने वा म्हणायचीस.

तिने खाली मान घातली.

मग त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. फार घाबरट बाई. चौकात आली की डोळेच मिटायची. तेव्हा मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे. गाडी थांबायची आणि बाईला वाटायचं, आपणच थांबवली. तिचा चेहरा फुलायचा. असं करत करत ती खरोखर शिकली.

"मी तिला कधी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तुझ्या रिमोटचा मला राग नाही. ते आमच्या धंद्यातलंच आहे. पण घरी येऊन मी तिच्यावर कधी हसलो नाही गं."

शेजारच्या खोलीत कुणीतरी चष्म्यांचा खण ओढला आणि बंद केला. ती म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." इतकं हळू म्हणाली की तिला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. पुन्हा म्हणावं असं वाटलं, पण दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ते त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी झालं असतं. मास्तर, नाही गं, असं म्हणाले नाहीत.

तिने चौकट त्यांच्या नाकावरून उतरवली. दोन्ही बाजूंना लाल वळ उमटले होते, ते अंगठ्याने पुसल्यासारखे केले. मग, या खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला विचारला होता आणि घरातल्या माणसाला कधीच विचारला नव्हता, तो प्रश्न तिने विचारला. तुम्हाला खेळायला आवडतं की बघायला?

"बघायला," मास्तर लगेच म्हणाले. त्यात पहिलं की दुसरं असा घोळ नव्हता. "खेळायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. चाकाशी बसलं की रस्त्याकडे बघावं लागतं. शेजारी बसलं की चालवणारा बघायला मिळतो. तू त्या कड्याच्या टोकाशी थांबून समुद्राकडे बघत बसायचीस ना, ते मला आवडायचं. तुझी सासू अशीच थांबायची रस्त्यात, पिशवी हातात घेऊन. मी ओरडायचो तिला."

चष्म्याचा नंबर तोच आहे ना, त्यांनी उठताना विचारलं. तोच आहे, ती म्हणाली. मग चल, म्हणाले आणि दाराकडे निघाले.

संध्याकाळी नवरा झोपला. मास्तर गॅलरीत जाऊन बसले. ते येतील की नाही हे तिला ठाऊक नव्हतं आणि बोलवायला तिला तोंड नव्हतं. तिने टीव्ही लावला, हेडफोन चढवला. ताई आधीच येऊन बसलेली, चल चल, आज ते मोठं बेट संपवू म्हणत होती. गॅलरीचं दार उघडं होतं. तिने ते उघडंच राहू दिलं आणि नेहमी बोलायची त्याहून मोठ्याने बोलली.

"ताई, थांब जरा. बाबांना मी लिंबूटिंबू म्हटलं ना, ते त्यांनी ऐकलं. सगळंच ऐकलं. त्यांचा हेडफोन बंद होता. मी चार्जच केला नव्हता. आणि ते कुठेतरी बसायचं म्हणून बसत नव्हते. माझ्याजवळ बसत होते."

दोघींचे प्रवासी दोराने बांधलेले, किनाऱ्यावर नुसते उभे. मग ताई, इतकी घाईची ताई, दबक्या आवाजात म्हणाली, "अगं बाई. आणि मी काय काय बोलले ते?"

"तुझं नाही ऐकलं. फक्त माझं."

"सुटले म्हणजे मी."

"तू सुटलीस," ती म्हणाली.

गॅलरीतली खुर्ची करकरली. पावलं आली आणि तिच्या मागे थांबली. तिने वळून बघितलं नाही, बघवलं नाही.

"कुठे बसू?" मास्तरांनी विचारलं.

साधाच प्रश्न होता. सोफ्यावर वाळलेले कपडे पसरलेले होते, म्हणून विचारलेला. त्यात टोमणा होता की नव्हता हे तिला त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिने दोन्ही हातांनी कपडे गोळा केले, मांडीवर घेतले आणि सरकून आपल्या शेजारची जागा मोकळी केली.

ते बसले. कंट्रोलरकडे त्यांनी बघितलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवले, शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचे असतात तसे. तिने चार्जिंगवरून हेडफोन काढला, बटण दाबलं, दिवा लागलेला त्यांना दाखवला आणि त्यांच्या हातात दिला. या वेळी कानांवर स्वतः चढवला नाही. त्यांनी तो घातला आणि एकदम दचकले.

"याला एवढा आवाज आहे?"

समुद्राचा होता. लाटा खडकावर आपटत होत्या, दोर कुरकुरत होता, वारा सुटला होता. मास्तर बराच वेळ नुसते ऐकत बसले. पांढरा पक्षी खडकावरून उडाला, दोन्ही प्रवाशांच्या डोक्यावरून गेला आणि लांबलचक, बारीक आवाजात ओरडला.

"अरे, हा ओरडतोसुद्धा," मास्तर म्हणाले. त्यांच्या कानांवर हेडफोन असल्याने ते जरा मोठ्याने बोलले, लहान मुलासारखे. "इतके दिवस ओरडत होता का?"

"हो, बाबा," ती म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ताई कानात चल म्हणत होती. ती चालू लागली. कड्याची वाट अरुंद होत गेली, पडदा अंधुक दिसायला लागला, आणि अंधुक का दिसतोय हे लक्षात यायच्या आत तिचा प्रवासी टोकाच्या पार जवळ गेला होता. शेजारी मास्तरांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला.

ती थांबली.

त्या रात्री तिने सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट घेतलं नाही. मास्तरांनी एकदा रिकाम्या जागेकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. जेव म्हणाले नाहीत. पाण्याचा तांब्या मात्र तिच्या बाजूला सरकवला.